क्रूझवर जेवण तिकिटातलं खायचं की पैसे भरून?

मागच्या अंकात क्रूझच्या तिकिटांबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेल्या मेल बघितल्या तर निम्म्याहून जास्त लोकांना तिकिटाचं काही पडलेलंच नाहीये, सगळ्यांचा प्रश्न एकच, खायचं काय. म्हणून यावेळी फक्त खाणं.

प्रश्न: ताई, आम्ही सहाजण दिवाळीत सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनच्या क्रूझला चाललोय, आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून. एजंट म्हणाला होता जेवण तिकिटातच आहे, पण बुकिंग झाल्यापासून ऍपवर स्पेशालिटी रेस्टॉरंटच्या ऑफर येताहेत. हे परत पैसे कसले? की तिकिटातलं जेवण मुद्दाम बेचव ठेवतात? (डोंबिवली)

उत्तर: एजंट खोटं बोलला नाहीये. मेन डायनिंग रूम, वरच्या डेकवरचा विंडजॅमर बुफे, पिझ्झा, कॅफेतले सँडविच-केक हे सगळं तिकिटात येतं आणि तेवढ्यावर अख्खी ट्रिप मजेत निघते, उपाशी कोणी राहत नाही. वर चॉप्स ग्रिल म्हणजे स्टेकवालं, इझुमी म्हणजे जपानी, वंडरलँड आणि जहाजाप्रमाणे अजून काही, ही पैसे भरून जायची ठिकाणं.

आता मुद्दाम बेचव ठेवतात का, तर नाही हो. फरक पडतो तो एका वेळी किती ताटं वाढायची यातून. सिंगापूरहून सुटणाऱ्या या मोठ्या जहाजांवर चार हजारांच्या वर प्रवासी असतात, मेन डायनिंगच्या ठरलेल्या दोन वेळा, एक संध्याकाळची आणि एक रात्रीची, आणि एकेका पंगतीला हजारावर माणसं साधारण एकाच वेळी ऑर्डर देतात. माझ्या ओळखीतला गोव्याचा एक तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, अशा किचनमधे बरीच वर्षं होता. तो सांगतो की आज रात्री मासे किती जातील, चिकन किती जाईल याचा अंदाज आधीच्या सफरींच्या आकड्यांवरून काढलेला असतो, मांस आधी भाजून घेतलेलं असतं आणि शेवटी ओव्हनमधे गरम होऊन ताटात येतं, मग त्यावर झाकणं, झाकणावर दुसरं ताट, असा मनोरा ट्रेवर रचून वेटर खांद्यावरून घेऊन पळतो. या सगळ्यात सूप, डाळ, रस्सा, भात, पुडिंग यांचं काही बिघडत नाही, उलट मोठ्या पातेल्यातली डाळ कधीकधी जास्त चांगली लागते. बिघडतं ते स्टेकचं, सुशीचं, कोळंबीचं, म्हणजे ज्या गोष्टी तव्यावरून थेट ताटात आल्या तरच चांगल्या लागतात त्या सगळ्यांचं. स्पेशालिटीमधे माणसं शंभर-दीडशे, तुमचा स्टेक तुम्ही सांगितल्यावर टाकतात. तुम्ही पैसे भरता ते किचनने तुमच्या ऑर्डरसाठी असं थांबण्याचे.

त्यामुळे माझा हिशोब सरळ आहे. जो पदार्थ हजार लोकांसाठी केला की मरतो, त्यालाच पैसे द्या. चॉप्समधे माणशी ५० ते ७० डॉलर धरून चाला, जहाज आणि तारीख बदलली की भाव बदलतो, वर १८ टक्के ग्रॅच्युइटी म्हणजे टिप लागते आणि लॉबस्टरसारख्या काही गोष्टींना त्या पैशांवरही परत पैसे असतात, मेनूत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. मांसाहार मनापासून करणारे घरात कोण कोण आहेत ते मोजा आणि तेवढेच जा, सहाच्या सहाजणांनी जायलाच पाहिजे असं काही नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना बरेच कमी पैसे पडतात.

वंडरलँडचं थोडं वेगळं आहे. २०१४ मधे क्वांटम ऑफ द सीज जहाजावर ते पहिल्यांदा आलं. टेबलावर कोरा पांढरा कागद ठेवतात, बरोबर पाण्यात बुडवायचा ब्रश, कागदावर फिरवला की मेनू उमटतो, मग धूर येणारे, फेसाळ, चमच्यात मावतील एवढे पदार्थ येत राहतात. मुलं खूश होतील. तुमच्या बाबांना मात्र बाहेर पडल्यावर पिझ्झा लागेल असा माझा अंदाज आहे, राग मानू नका.

लग्नाच्या वाढदिवसाचं म्हणाल तर आईबाबा दोघांनाच एक संध्याकाळ खिडकीजवळचं टेबल घेऊन द्या, बाकीचे बुफेला जा. आणि बुकिंग शक्यतो पहिल्या रात्रीचं बघा, तेव्हा लोक सामान लावण्यात आणि जहाज बघण्यात गुंतलेले असतात, रेस्टॉरंट रिकामी असतात, म्हणून बऱ्याचदा सवलत मिळते. जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी दुपारचं जेवणही रात्रीपेक्षा स्वस्त असतं, पदार्थ बरेचसे तेच. रोज स्पेशालिटीत खायचं पॅकेज घेऊ नका, तीन-चार रात्रींच्या सफरीत ते वसूल होत नाही, आणि वसूल करायचं म्हणून खात बसलात तर सुट्टी कसली!

आणि ही काही आताच्या कंपन्यांनी काढलेली युक्ती नाही बरं का. १९०५ मधे जर्मन कंपनीच्या अमेरिका नावाच्या जहाजावर रिट्झ-कार्ल्टनच्या नावाने वेगळे पैसे घेणारं रेस्टॉरंट सुरू झालं होतं, आणि १९१२ मधे टायटॅनिकवर फर्स्ट क्लासच्या लोकांनाही तिकिटात जेवण असताना वेगळ्या आ ला कार्त, म्हणजे मेनूतून निवडून मागवायच्या, रेस्टॉरंटमधे पैसे भरून जाता यायचं, ते लुईजी गॅटी नावाचा इटालियन माणूस कंत्राटावर चालवायचा.

प्रश्न: आम्ही दोघं शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. फुकटच्या ठिकाणी गर्दीत आमच्याकडे कोण बघणार, म्हणून पैसे भरून चांगल्या रेस्टॉरंटमधे जावं असं मिस्टरांचं म्हणणं. (कोथरूड, पुणे)

उत्तर: मिस्टरांना सांगा, नेमकं उलटं आहे! स्टेकच्या रेस्टॉरंटमधे शाकाहारी माणसाला मशरूम, बटाटा, पालक आणि एखादा पास्ता यातच फिरावं लागतं आणि कव्हर चार्ज, म्हणजे आत जायचे माणशी पैसे, शेजारच्या टेबलावर अर्धा किलोचा स्टेक खाणाऱ्याइतकाच. मी तर म्हणेन इटालियन सोडून बाकी कुठेही शाकाहाऱ्यांनी पैसे भरू नयेत.

तुमचं काम होणार मेन डायनिंगमधेच. मोठ्या कंपन्यांच्या मेनूवर रोज एखादा भारतीय शाकाहारी पदार्थ असतोच, पण खरी गंमत मेनूच्या बाहेर आहे. पहिल्या रात्री जेवायला बसलात की वेटरला नाही, त्याच्या वरच्या हेड वेटरला बोलवा आणि शांतपणे सांगा की आम्ही शाकाहारी, ह्यांना कांदा-लसूण नको, उद्यापासून काय करून देता येईल. किचनमधे भारतीय स्वयंपाकी बहुतेक जहाजांवर असतातच, त्यांना आदल्या संध्याकाळी कळलं तर दुसऱ्या दिवशी डाळ, एक सुकी भाजी, एक रस्सा, भात येतो. त्याच रात्री हट्ट धरलात तर मात्र मायक्रोवेव्हमधलं काहीतरी येईल आणि मग आपण जहाजाला नावं ठेवणार. जैन जेवण पाहिजे असेल तर बुकिंग करतानाच लेखी कळवायचं, ते ऐनवेळी होत नाही.

सासूबाईंना एक आधीच सांगून ठेवा, गॅसवर फुगलेला फुलका मिळणार नाही. आगीच्या भीतीने जहाजाचं किचन विजेवर चालतं, उघडी ज्योत नसते, म्हणून पोळी-नान ओव्हनमधून किंवा सपाट तव्यावरून येतात आणि टेबलावर येईपर्यंत जरा चिवट होतात. भात मागा, भात चांगला असतो. दही सकाळी बुफेवर असतं, तेव्हाच दोन वाट्या घेऊन ठेवायची सवय बऱ्याच मराठी काकूंना आहे, मी कोणाचं नाव घेत नाही. आणि बुकिंग अजून झालं नसेल तर सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम जहाजही बघा, भारतीय गिऱ्हाईक तिथे भरपूर असल्याने शाकाहारी जेवणाची सोय तिथे मागून घ्यावी लागत नाही.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीला असतो, तो आम्हाला नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या जहाजाने कॅरिबियनला नेतोय. म्हणतो स्पेशालिटी डायनिंग फ्री मिळालंय. त्याचे मित्र म्हणतात क्रूझचं जेवण पूर्वीसारखं राहिलं नाही. खरं काय? (नाशिक)

उत्तर: फ्री हा शब्द जरा जपून घ्यायचा. पॅकेजमधे दोन-तीन रात्रींचं स्पेशालिटी जेवण येतं हे खरं, पण त्यावरची सर्व्हिसची रक्कम, म्हणजे २० टक्के, बुकिंगच्या वेळीच कापून घेतात. मुलाचं बिल मागून बघा, त्यात असेल. तरी फायद्याचंच आहे, सोडू नका, तेप्पन्याकी म्हणजे जपानी तव्याच्या रेस्टॉरंटमधे बसा, समोर स्वयंपाकी उलथनी वाजवत तांदूळ परततो ते बघायला तुम्हाला आवडेल. नॉर्वेजियनने २००० मधे फ्रीस्टाइल म्हणून ठरलेल्या वेळा आणि ठरलेलं टेबल ही पद्धतच काढून टाकली, त्यामुळे जेवायला कधीही जा, पण सात ते आठच्या मधे जाल तर दाराशी थांबावं लागेल.

मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे. कार्निव्हल कंपनीने मेन डायनिंगमधे तिसऱ्या मुख्य पदार्थापासून पुढे ५ डॉलर लावले, रॉयल कॅरिबियनने २०२३ मधे मेनू आटोपशीर केला, एक रात्र इटालियन, एक फ्रेंच अशी आखणी करून टाकली. पैसे वाचवायचे, किचनमधला वेळ वाचवायचा आणि जाता जाता लोकांना वरच्या रेस्टॉरंटकडे ढकलायचं असा तिहेरी उद्योग आहे हा. माझ्या मते जेवण वाईट झालेलं नाही, निवड कमी झालीय, आणि जुन्या लोकांना तीच खटकते. ज्यांना ही सतत पाकीट काढायची कटकट नकोच त्यांच्यासाठी ओशनिया कंपनी आहे, तिथे स्पेशालिटी रेस्टॉरंट तिकिटातच धरलेली असतात, तिकीट अर्थात तसंच दणकट. व्हर्जिन व्हॉयेजेसवर तर मेन डायनिंगही नाही आणि बुफेही नाही, वीसेक खायची ठिकाणं आणि बहुतेक सगळी तिकिटात, पण १८ च्या खालची मुलं चालत नाहीत.

प्रश्न: बुफेतलं खाऊन पोट बिघडेल अशी भीती वाटते. (सोलापूर)

उत्तर: अन्नापेक्षा हातांची भीती बाळगा. अमेरिकेतल्या बंदरांना लागणारी परदेशी सफरीची जहाजं तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था तपासते, तिची माणसं न सांगता येतात, १०० पैकी मार्क देतात, ८६ च्या खाली गेलं की नापास, आणि हे मार्क सगळ्यांना बघता येतात. गरम पदार्थ किती तापमानाला ठेवलाय, किती तास बाहेर आहे याच्या नोंदी असतात. जे पसरतं ते बहुतेकदा नोरोव्हायरस, तो प्रवाशांच्या हातातून वाढायच्या चमच्यावर आणि तिथून पुढच्या माणसाकडे. सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा उपयोग नाही, साबण-पाण्यानेच हात धुवायचे, दारातला माणूस गाणं म्हणून आठवण करत असेल तर हसू नका, धुवा.

प्रश्न: खाकरे, चिवडा, लाडू नेले तर चालतील का? आणि छोटा राइस कुकर? (बदलापूर)

उत्तर: पाकीटबंद, दुकानाचं सील असलेलं चालतं. घरी केलेलं बहुतेक कंपन्यांच्या नियमात बसत नाही. कुकर, किटली, इंडक्शन अजिबात नको, बोर्डिंगच्या वेळी स्कॅनरमधे दिसतं, काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत घ्यायला रांगेत उभं राहावं लागतं. आणि बुफेतली केळी-सफरचंद पर्समधे घालून बंदरावर उतरू नका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला त्यासाठी जबर दंड आहे.

प्रश्न: युरोपच्या क्रूझवर पाण्याचेही पैसे घेतात म्हणे? (कोल्हापूर)

उत्तर: भूमध्य समुद्रातल्या एमएससी आणि कोस्टा कंपन्यांच्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाला टेबलावर बाटलीच येते आणि ती बिलात लागते, हो. बुफेवर पाण्याचं मशीन आहे, तिथलं फुकट. एमएससीच्या काही जहाजांवर ताजं मोझरेला चीज तिथेच करतात आणि पिझ्झा तिकिटातला असूनही उत्तम असतो, त्यामुळे पाण्याचा राग पिझ्झ्यावर काढा.

प्रश्न: एवढं लांब कशाला, मुंबई-गोवा कॉर्डेलियावर स्पेशालिटीला जावं का? (गिरगाव)

उत्तर: नको. कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे १९९० चं जहाज, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ पासून आपल्याकडे फिरतंय. आकाराने लहान, सफर दोन-तीन रात्रींची, आणि तिकिटातलं जेवण मुळात आपल्याच जिभेचं, जैनसुद्धा मिळतं. वेगळ्या पैशाचं चायनीज-थाय पद्धतीचं रेस्टॉरंट आहे, पण तेवढ्या पैशात गोव्याला उतरल्यावर किंगफिशचं ताट आणि सोलकढी येईल, आणि ती कुठल्याच जहाजावर बरी मिळत नाही.

प्रश्न: रोजची ग्रॅच्युइटी कापलेली असते, तरी वेटरला वेगळी टिप द्यायची का? (वाशी)

उत्तर: सक्ती नाही. अमेरिकन कंपन्यांवर माणशी दिवसाला साधारण १८-२० डॉलर कापलेलेच असतात. पण ज्या हेड वेटरने तुमच्यासाठी रोज वेगळी डाळ करवून घेतली त्याला शेवटच्या रात्री पाकिटात १०-२० डॉलर घालून हातात द्या, आणि त्याहून स्वस्तातलं म्हणजे उतरताना येणाऱ्या फीडबॅकच्या फॉर्ममधे त्याचं नाव नीट स्पेलिंगसकट लिहा, त्यांना कॉन्ट्रॅक्ट आणि प्रमोशनसाठी त्याचा उपयोग होतो.