पहिला टर्नटेबल घेताना

सुटकेससारखे स्वस्त रेकॉर्ड प्लेअर टाळा. त्यांत काउंटरवेट (आर्मच्या मागचं, सुईचा दाब ठरवणारं वजन) नसतं, सुईचा दाब बहुधा ५ ग्रॅमच्या आसपास, आणि एलपीची (विनाइल रेकॉर्डची) खाच लवकर झिजते. टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) काउंटरवेट, अँटी-स्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनची सोय) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेला टोकाचा भाग) बदलायची सोय हवीच. ब्लूटूथ वगैरे गौण.

कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई घ्या. अँटी-स्केटिंग शून्यावर ठेवून काउंटरवेट असं फिरवा की आर्म आडवा तरंगेल. आता काउंटरवेटवरची फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा, मग अख्खं वजन २ ग्रॅमपर्यंत फिरवा. अँटी-स्केटिंगही २ वर. दाब कमी ठेवला म्हणून रेकॉर्ड झिजायची थांबत नाही; सुई खाचेत उडते, गायकाचा 'स' चरचरतो आणि खाच कायमची खरवडली जाते.

घरात आजोबांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग असलेलंच यंत्र बघा. त्यांची खाच रुंद असते. एलपीची सुई तळाशी घासते, नुसती खरखर येते. याच कार्ट्रिजला व्हीएमएन९५एसपी सुई हातानेच बसते, दाब ५ ग्रॅम. पुष्कळ आर्मवर आकडे ४ पर्यंतच असतात, म्हणून सुईचा दाब मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आणि ही सुई एलपीवर चुकूनही टेकवू नका.