‘डिस्पॅरेज’साठी ‘बदनामी’ चालेल का?

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांमधल्या माहितीफलकांविषयीच्या सरकारी आदेशाची मराठी बातमी वाचून एका वाचकाने विचारले आहे की, मूळ आदेशातील ‘डिस्पॅरेज’ या क्रियापदासाठी बातमीत योजलेला ‘बदनामी करणे’ हा प्रतिशब्द योग्य आहे का. माझ्या मते तो योग्य नाही, आणि त्याने आदेशाचा अर्थच पालटतो.

राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २७ मार्च २०२५ च्या या आदेशानुसार, होऊन गेलेल्या किंवा हयात असलेल्या अमेरिकनांना, अगदी वसाहतकाळातल्या माणसांनाही, ‘अनुचितपणे डिस्पॅरेज’ करणारा मजकूर स्मारकांवर नसावा आणि भर अमेरिकी जनतेच्या कर्तृत्वाच्या थोरवीवर असावा. (इथे ‘उद्यान’ म्हणजे केवळ झाडी नव्हे; रणभूमी आणि ऐतिहासिक घरेही राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याकडेच आहेत.)

‘माझी बदनामी झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा आळ खोटा होता, हे त्यात गृहीत असते. ‘नालस्ती’त त्यावर आकसाची भर पडते. ‘निंदा’ मात्र खरीही असू शकते; एरवी निंदकाचे घर शेजारी असावे, असे कोण म्हणेल? ‘डिस्पॅरेज’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून, खालच्या दर्जाच्या घराण्याशी सोयरीक जुळवणे हा त्याचा मूळ अर्थ, म्हणजे एखाद्याला पायरीवरून खाली उतरवणे. सांगितलेले खरे की खोटे, हा प्रश्न त्यात येतच नाही. म्हणून ‘कमीपणा आणणे’ हा मला सर्वांत जवळचा पर्याय वाटतो.

फिलाडेल्फियाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट व्हावे. अध्यक्ष असताना जॉर्ज वॉशिंग्टन तिथल्या ज्या घरात राहत, तिथे त्यांनी नऊ माणसांना गुलाम म्हणून ठेवले होते. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे, त्या पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यामुळे, बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने त्या राज्यात राहिला की त्याला मुक्तीचा हक्क सांगता येई. म्हणून मुदत भरण्याआधी या माणसांना राज्याबाहेर नेऊन परत आणले जाई. त्यांच्यापैकी ओनी जज ही तरुणी १७९६ मध्ये निसटून न्यू हॅम्पशायरला पोहोचली आणि वॉशिंग्टन यांनी तिला परत मिळवण्याचे प्रयत्न केले. यातून वॉशिंग्टन यांना कमीपणा येतो; बदनामी मात्र होत नाही, कारण हे सारे घडलेले आहे. जानेवारी २०२६ मध्ये या आदेशाच्या अंमलबजावणीत या घराच्या जागेवरचे गुलामगिरीविषयीचे फलक उतरवण्यात आले आणि शहराने न्यायालयात दाद मागितली. अशा वेळी ‘बदनामीकारक फलक हटवले’ असे छापले, तर मराठी वाचक फलकच खोटे होते असे समजेल, आणि तो त्या नऊ जणांवर आणखी एक अन्याय ठरेल.

‘अनुचितपणे’ हे क्रियाविशेषणही भाषांतरात गाळू नये. कमीपणा कधी उचितही असतो, एवढी वाट आदेशात त्या एका शब्दाने उरते. उचित काय हे सरकारच ठरवणार असल्याने ती अरुंद आहे, हे खरे. पुढे उद्यानांत लागलेल्या सूचनांमध्ये तर अमेरिकनांविषयी ‘निगेटिव्ह’ असलेला मजकूर कळवा, असे अभ्यागतांना सांगितले गेले आणि ती वाटही बुजली. या ‘निगेटिव्ह’साठीही ‘नकारात्मक’ नको. तो शब्द मराठीत बहुधा वृत्तीला लागतो. मजकुराला ‘प्रतिकूल’ म्हणावे.