गोष्ट आणि कथानक एकच का? कथेचे मूळ घटक कोणते?

नाही, एकच नाहीत: काय काय घडलं त्याचा क्रम म्हणजे गोष्ट, आणि ते का घडलं याची गुंफण म्हणजे कथानक. हा भेद इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानांत मांडला. राजा मेला आणि मग राणी मेली ही गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली हे कथानक. बाकीचे घटक आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीतच सापडतात. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं; पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं, म्हणून काऊ चिऊच्या दाराशी आला. या ‘म्हणून’मध्ये कथानक आहे.

- पात्रं: दोनच, पुरेशी.
- वातावरण: पाऊस. तो काढला तर काहीच घडत नाही.
- संघर्ष: काऊला आत यायचंय, चिऊ दार उघडत नाही. ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे’ एवढ्यावर मुलं श्वास रोखून बसतात, कारण उत्तर लांबतंय.
- निवेदन: सांगणारी आजी तिऱ्हाईत आहे. हीच गोष्ट काऊने सांगितली तर चिऊ खलनायिका ठरेल! माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित घटक हाच.

मात्र हे घटक प्रत्येक कथेत सारख्या वजनाचे नसतात. मराठी नवकथेने, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या नव्या धाटणीच्या कथेने, कथानक मुद्दाम विरळ ठेवून पात्रांच्या मनातल्या हालचालींना जागा दिली, त्यामुळे तिथे ‘पुढे काय झालं?’ विचारून फारसं हाती लागत नाही.