शब्दांची उकल : दडपणे

प्रश्न : ‘दडपे पोहे’ आणि ‘दडपण’ यांतला ‘दडप’ एकच का?

उत्तर : हो. दाबायला क्षणभर बोट पुरतं, जसं बटण. दडपण्यात मात्र वर भार ठेवून झाकणं येतं. कोकणात पातळ पोह्यांत ओलं खोबरं, चिरलेला कांदा, मीठ कालवून, नारळपाण्याचा हबका मारून वर झाकण नि वजन ठेवतात. 15-20 मिनिटांत पोहे त्या ओलाव्यानेच मऊ होतात. जाडे पोहे आत कोरडे राहतात, पाणी जास्त झालं तर लगदा होतो.

तोच भार मनावर आला की दडपण. प्रकरण दडपतात, दृश्य पाहून छाती दडपते. पाय मात्र चेपायचे, दडपायचे नाहीत!