'टॉड्री'ला मराठीत काय म्हणावं?

फोंड्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्या एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताहेत आणि कथेत 'टॉड्री' हे विशेषण दोनदा आलंय. एकदा मोलकरणीनं जत्रेत घेतलेल्या गळ्यातल्यासाठी आणि पुढे एका पुढाऱ्याच्या भानगडीसाठी. कोशात त्यांना भडक, भपकेबाज, दिखाऊ हे शब्द सापडले. यातला कुठला घ्यावा, आणि दोन्हीकडे एकच चालेल का?

ताई, दोन्हीकडे एकच शब्द चालणार नाही. आणि गळ्यातल्यासाठी या तिघांतला एकही मी घेणार नाही.

'टॉड्री'मध्ये तीन गोष्टी एकत्र येतात: वस्तू झगमगते, ती हलक्या किमतीची असते, आणि बघणारा तिच्याकडे नाक मुरडून बघतो. 'भडक' हा फक्त रंगाबद्दल बोलतो. शिगम्यातला गुलाल भडकच असतो, पण त्याला कोणी टॉड्री म्हणणार नाही. 'भपकेबाज'मध्ये झगमग आहे, पण स्वस्तपणा नाही. उलट लाखो रुपये उधळलेल्या लग्नालाच आपण भपकेबाज म्हणतो. 'दिखाऊ' वस्तू टिकाऊ नसते एवढंच सांगतो. 'बटबटीत' बराच जवळ येतो, काजळाला नि अभिनयाला तो छान बसतो, पण त्यातूनही किंमत कळत नाही.

या शब्दाचा जन्म समजला की नेमकं काय हवं ते कळतं, म्हणून तिथे जरा थांबते. सातव्या शतकात इंग्लंडमध्ये एथेलथ्रिथ नावाची नॉर्थम्ब्रियाची राणी होती. राजवैभव सोडून ती जोगीण झाली आणि ६७३ मध्ये ईली इथे तिनं मठ स्थापला. ६७९ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या गळ्याला मोठी गाठ आली होती. बीड या भिक्षू इतिहासकारानं लिहून ठेवलंय की, तरुणपणी गळ्यात हार मिरवले त्याचंच हे प्रायश्चित्त, असं ती स्वतः मानत असे. पुढे ती संत झाली आणि तिच्या नावाचं लोकांच्या तोंडी 'ऑड्री' झालं. ईलीला तिच्या नावानं १७ ऑक्टोबरला जत्रा भरू लागली. त्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकायला येत, त्या 'सेंट ऑड्रीज लेस'. भरभर म्हणताना 'सेंट'मधला शेवटचा 'ट' पुढच्या नावाला चिकटला आणि 'टॉड्री लेस' तयार झालं. लंडनमधल्या टूली स्ट्रीटचंही असंच आहे. तिच्या पोटात सेंट ओलाव्ह दडलाय.

आपल्याकडे हे समजायला कठीण नाही. म्हापशाला मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताची जत्रा भरते तेव्हा दर्शन घेऊन आलेल्या पोरी बांगड्या, रिबिनी, गळ्यातली घेतातच, आणि त्यात हिंदू-ख्रिस्ती सगळ्या असतात. ईलीच्या पोरी तेच करत होत्या. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मध्ये, म्हणजे १६११च्या सुमाराला, मोप्सा ही गावातली मुलगी आपल्या मित्राला आठवण करून देते की तू मला टॉड्री लेस आणि सुवासिक हातमोजे कबूल केलेस. तिच्या तोंडी या शब्दात तुच्छता नाही, हौस आहे. तुच्छता आली सतराव्या शतकात, आणि ती फितीतून नाही आली. ज्यांना ती फीत घ्यावी लागत नव्हती, त्यांच्या नजरेतून आली. अनुवादकाला हे विसरून चालत नाही. तुमच्या कथेत गळ्यातल्याला टॉड्री म्हणतंय कोण, मोलकरीण की तिची मालकीण? मालकीण असेल, तर तिचं नाक मुरडणं मराठीत उतरलंच पाहिजे.

त्यासाठी आपल्याकडे अगदी जोडीचा शब्द आहे: बेगडी. बेगड म्हणजे सजावटीला वापरायचा चमकदार पातळ पत्रा. हाही मुळात शिवी नव्हे. नवरात्रात फोंड्याकडच्या देवळांत मखरोत्सव होतो. मखराची चमचम आणि कीर्तनाच्या तालावर झुलणारी देवी बघायला माणसं दाटीवाटीनं उभी असतात. तिथल्या चमचमाटाला हिणवायचं कोणाच्या मनातही येत नाही. पण 'ई' लागली की बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती. वरून चमक, आतून पोकळ. फितीचं जे झालं तेच बेगडाचं झालं.

'सवंग'ची कथाही याच वळणाची, फक्त ती बाजारभावातून आली. महाग हा 'महार्घ'मधून आला, तसा सवंग 'समर्घ'मधून. कोकणीत 'सवाय' म्हणजे आजही निव्वळ स्वस्त. नुस्तें, म्हणजे मासळी, सवाय मिळालं तर घरी आनंदच. मराठीत मात्र वस्तूला सवंग म्हणणं मागे पडलं, आणि सवंग लोकप्रियता, सवंग विनोद यांतला हलकेपणा तेवढा उरला.

टॉड्रीचे इंग्रजी भाऊबंद थोडक्यात सांगते. 'गॉडी' रंगीबेरंगी नि भपकेदार, पण स्वस्तच असेल असं नाही. 'गॅरिश' डोळ्यांवर येणारा, आपला 'बटबटीत' तिथे चपखल. 'टॅकी'मध्ये अभिरुचीची वानवा. 'मेरिट्रिशियस' लॅटिनमधल्या वेश्येसाठीच्या शब्दावरून आला, वरवर मोहवणारा. 'छचोर' त्याच्या आसपास जातो. 'ब्रमाजेम' हा बर्मिंगहॅमच्या स्वस्त, चकचकीत मालावरून पडलेला शब्द, आता क्वचितच भेटतो.

आता पुढाऱ्याचं प्रकरण. तिथे झगमगाट नसतोच. टॉड्री तिथे हलकं, ओंगळ, लाज आणणारं, या अर्थानं येतो. 'बेगडी प्रकरण' म्हटलंत तर प्रकरणच खोटं, असा भलताच अर्थ निघेल. 'हिणकस' मला आवडतो, हीण मिसळलेल्या सोन्याची आठवण त्यात आहे, पण तो माणसाच्या वृत्तीला जास्त शोभतो. वर्तमानपत्री चवीनं चघळलेल्या तपशिलांना 'सवंग' म्हणता येईल. खुद्द भानगडीला 'लाजिरवाणी' पुरे.

म्हणजे मालकिणीच्या तोंडी मी असं लिहीन: 'काय ते जत्रेतलं बेगडी गळ्यातलं घालून आलीस!' आणि मोलकरीण स्वतः बोलत असेल तर नुसतं 'जत्रेतलं गळ्यातलं'. 'खोटं' हा शब्दही तिच्या तोंडी घालू नका.