कॅज्युअल गेमिंगसाठी ऑल-इन-वन घेताना नेमकं काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हॉलमध्ये जागा कमी, वायरींचा पसारा नको, म्हणून २४ इंची ऑल-इन-वन घ्यायचा आहे. मुलाचा अभ्यास, घरून ऑफिसचं काम आणि फावल्या वेळात वॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए ५ आणि ईएचा फुटबॉल. दुकानदार म्हणतोय, ‘आय सेव्हन घ्या, डोळे झाकून चालेल.’

डोळे उघडेच ठेवा. ऑल-इन-वन म्हणजे स्क्रीनच्या पाठीत बसवलेला बिनबॅटरीचा लॅपटॉप. आतला प्रोसेसर बहुधा लॅपटॉपचा असतो आणि बहुतेक मॉडेलांत गेमचं चित्र काढायचं कामही त्याच चिपमधल्या ग्राफिक्सला करावं लागतं. पुढे वेगळं कार्ड टाकू म्हणाल तर त्याला आत जागाच नसते. त्यामुळे पहिल्या दिवशी जे ग्राफिक्स घरात येईल, तेच शेवटपर्यंत. आय फाइव्ह की आय सेव्हन हा प्रश्न त्यानंतरचा.

इंटेलचंच उदाहरण घ्या. आय५-१३३५यू या चिपमध्ये ग्राफिक्सची ८० एक्झिक्युशन युनिट्स (चित्र काढणारे छोटे भाग) आहेत. आय५-१३४२०एच नावाने जोरकस वाटते, पण तिच्यात ४८च. आय७-१३६२०एच घेतलीत तर ६४. म्हणजे नावात ‘सात’ आणि ‘एच’ असूनही ग्राफिक्स लहान. एच चिपला जास्त वॅट मिळतात म्हणून फरक थोडा भरून निघतो, पण त्यासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. आय३-एन३०५ मध्ये ३२ युनिट्स आणि मेमरीचं चॅनल, म्हणजे डेटाची वाट, एकच. तो अभ्यास आणि यूट्यूबपुरता ठीक. जमल्यास ‘कोअर अल्ट्रा ५ १२५एच’ बघा, त्यातलं आर्क ग्राफिक्स या सगळ्यांच्या बरंच पुढे आहे.

एएमडीत घोळ आणखी मोठा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, एका आकड्याचा फरक. पहिल्यात रेडिऑन ६१०एम, फक्त २ कंप्युट युनिट्स (हे एएमडीचं वेगळं माप). दुसऱ्यात व्हेगा, ७ युनिट्स. ७०००च्या मालिकेत तिसरा आकडा आर्किटेक्चर, म्हणजे चिपची आतली पिढी, सांगतो: २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. जाहिरातीत मात्र दोन्हींवर ‘रायझन ५, ७००० सीरीज’ एवढंच छापलेलं असतं. ७५३५एचएस (रेडिऑन ६६०एम) किंवा ७७३५एचएस (६८०एम) असलेलं मॉडेल बजेटात बसलं तर तेच उचला.

आता रॅम. बहुतेकांची फसगत इथेच होते. चिपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन असतील तर ५१.२. कंपन्या ८ किंवा १६ जीबीची एकच स्टिक टाकून मशीन विकतात आणि ग्राफिक्स निम्म्या पुरवठ्यावर जगतं. आय५-१३३५यूच्या बाबतीत हे उघड दिसतं: एकच स्टिक असेल तर विंडोज ग्राफिक्सचं नाव ‘इंटेल यूएचडी’ दाखवतं, दुसरी स्टिक लावली की तेच ‘आयरिस एक्सई’ होतं. चिप तीच, नाव बदलतं आणि गेमही जाणवण्याइतका सुधारतो.

दुकानात डेमो पीस चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढे ‘१ ऑफ २’ दिसलं तर उत्तम, म्हणजे एक स्लॉट रिकामा आहे. आतल्या स्टिकइतक्याच क्षमतेची आणि वेगाची एसओ-डिम (लॅपटॉपची छोटी रॅम स्टिक) घ्या; ८ असेल तर ८, मिळून १६. ती अधिकृत सेंटरमधूनच बसवा, कारण काही मॉडेलांत मागचं झाकण क्लिपांवर असतं तर काहींत पाठ उघडण्यासाठी स्टँड काढून पॅनलच्या कडेला पट्टी घालावी लागते, आणि तिथे घाई केली की पॅनलला चीर. ७५२०यूसारख्या चिपसोबत रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते. ८ जीबीचं घेतलंत तर मशीन निवृत्त होईपर्यंत ८च. त्यातून विंडोज तीन-चार जीबी खातं, थोडी ग्राफिक्सच्या वाट्याला जाते, मग गेमला उरतं काय?

काही मॉडेलांत कंपनीच वेगळं ग्राफिक्स बसवून देते, पण ‘२ जीबी वेगळं ग्राफिक्स कार्ड’ या शब्दांना फार भुलू नका. एमएक्स३३०सारखी जुनी चिप दोन स्टिकवाल्या आयरिस एक्सईच्या फारशी पुढे नाही आणि २ जीबी मेमरी आज तोकडी पडते. वेगळं कार्ड हवंच असेल तर किमान ४ जीबीचं आरटीएक्स बघा. पण त्या किमतीला पोचलात की खरं सांगायचं तर ऑल-इन-वनचा हट्ट सोडावा असं माझं मत आहे. रायझन ५ ८६००जी घातलेला छोटा कॅबिनेट आणि १०० हर्ट्झचा २४ इंची मॉनिटर टेबलावर फार जागा खात नाही, आणि दोन वर्षांनी त्यात कार्ड टाकता येतं.

तुमच्या गेमांचं म्हणाल तर वॅलोरंट हलका आहे. दोन स्टिक असलेल्या १३३५यू किंवा ७५३०यूवर १०८०पी, लो सेटिंग, साठ फ्रेमच्या वर आरामात. मात्र विंडोज ११ वर त्याचा व्हॅनगार्ड (गेममधली फसवेगिरी रोखणारा प्रोग्राम) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही दोन्ही सुरक्षा वैशिष्ट्यं मागतो. नव्या मशीनमध्ये ते चालूच असतात. सेकंडहँड घेतलंत आणि ‘व्हॅन ९००३’ असा एरर आला तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद आहे असं समजा. माइनक्राफ्टला रेंडर डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं दृश्य काढायचं ते) १० ते १२ ठेवा. जीटीए ५च्या आता दोन आवृत्त्या आहेत. मार्च २०२५ मध्ये आलेली एन्हान्स्ड तुमच्या कामाची नाही, तिला किमान ४ जीबीचं वेगळं कार्ड लागतं. जुनी लेगसी इन्स्टॉल करा, टेक्स्चर नॉर्मल, एमएसएए (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद. तरी अडखळला तर रेझोल्यूशन ९००पी. ईएच्या फुटबॉल गेमची, एफसी २५ची, किमान यादीच जीटीएक्स १०५० टीआयपासून सुरू होते, त्यामुळे चिपमधल्या ग्राफिक्सवर त्याची आशा धरू नका. बीजीएमआय अधिकृतपणे मोबाईलवरच आहे, तो या हिशेबात धरू नका.

स्क्रीन १९२० बाय १०८०चीच घ्या. २५६० बाय १४४० दिसायला देखणी, पण पिक्सेल पावणेदोन पट होतात आणि बिचारं ग्राफिक्स तेवढंच राहतं. ६० हर्ट्झ चालेल, ७५ किंवा १०० मिळालं तर बरं. पॅनल आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारं) आहे ना, हे विचारा.

मागच्या बाजूला एचडीएमआय किती आहेत हे मोजू नका, त्यावर ‘इन’ लिहिलंय का ते वाचा. बहुतेकांत फक्त ‘आउट’ असतं. ‘इन’ असेल तर पुढेमागे कन्सोल जोडता येतो, आणि आतला संगणक म्हातारा झाला तरी स्क्रीन मॉनिटर म्हणून जगते. ‘इन’ नसेल तर मदरबोर्ड गेला की चांगला पॅनलही भंगारात. उलटही खरं: पॅनल बिघडला तर सगळं मशीन सर्व्हिसला. म्हणून तीन वर्षांची घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी इथे खरोखर कामाची आहे.

उष्णतेचं गणित असं. जाळीमागे एक छोटा पंखा असतो. गेम सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं चिप जोरात धावते, मग तापते आणि स्वतःच वेग कमी करते. म्हणून ‘सुरुवातीला मस्त, नंतर अडकतो’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका. जाळीतली धूळ दर तीन-चार महिन्यांनी ब्लोअरने उडवा, मशीन बंद करून. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवली की पंखाही शांत राहतो.

लाइट गेली की ऑल-इन-वन तत्क्षणी बंद. अॅडॉप्टर बहुधा ६५ ते १२० वॅटचा असतो, त्यामुळे ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. बॅटरी नवी असेल तर गेम सेव्ह करून नीट बंद करायला भरपूर वेळ मिळतो. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर मागचं बटण ‘यूपीएस मोड’वर आहे का बघा, नाहीतर बदलीच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होतं.

आयमॅकचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. स्क्रीन सुंदर आहे, पण वॅलोरंट मॅकवर नाही आणि काउंटर-स्ट्राइक २ही नाही.

एसएसडी ५१२ जीबी घ्या, विंडोजला ती ४७६ दिसेल, घाबरू नका. जीटीए ५ एकटाच शंभर जीबीच्या घरात जातो, म्हणून २५६ची नको. आणि पैसे देण्याआधी बिलावर फक्त ‘२४ इंच आय फाइव्ह’ असं न लिहिता खोक्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. एकाच नावाच्या मशीनमध्ये चार वेगळ्या चिपा येतात, आणि फरक त्या नंबराच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांतच असतो.