‘रन’ म्हणजे केवळ धावणे नव्हे

एका शिक्षिकेने विचारले आहे : “‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे ‘ती दुकान चालवते’, हे मुलांना पाठ करून घेता येते, पण शब्दकोशात ‘रन’चा पहिला अर्थ धावणे असा दिलेला असताना त्यात चालवणे आले कोठून, असे एका मुलाने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. शिवाय मराठीत ‘रन’ला सगळीकडे लागू पडेल असा एकच शब्द का नाही?”

त्या मुलाने अगदी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. धावणे हा ‘रन’चा सर्वांत ठळक अर्थ असला, तरी या शब्दाच्या घराण्यात वाहण्याचा अर्थही तितकाच जुना आहे. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत आजही ‘रिनेन’ म्हणजे पाणी ओघळणे किंवा वाहणे, आणि ‘रेनेन’ म्हणजे जोराने धावणे. ही दोन क्रियापदे मुळात जोडीची आहेत : पहिले आपोआप घडणाऱ्या हालचालीचे, तर दुसरे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे कोणाला तरी धावायला किंवा वाहायला लावण्याचे. जुन्या इंग्रजीतही ‘रिनन’ होते. मात्र त्यातील वर्णांची अदलाबदल होऊन ते बहुधा ‘इर्नन’ असे आढळते. ‘नुकसान’चे बोलताना ‘नुसकान’ होते तसाच हा वर्णविपर्यय. पुढे उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतील सख्खी रूपे यात मिसळली आणि मधल्या काळातील इंग्रजीत साधे व प्रयोजक हा भेदच पुसला गेला. घोडा धावतो तोही ‘रन’ आणि स्वार घोड्याला धावडवतो तोही ‘रन’.

शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. मराठीने हा भेद आजवर काळजीपूर्वक जपला आहे : पळणे आणि पळवणे, चालणे आणि चालवणे, फिरणे आणि फिरवणे. ‘दुकान चांगले चालते’ आणि ‘ती दुकान चालवते’ या दोन वाक्यांत आपण क्रियापदाला एक ‘व’ जोडून कर्ता कोण ते सांगतो. इंग्रजी दोन्हीकडे ‘रन’च ठेवते आणि कर्ता शब्दांच्या क्रमावरून ओळखायला सांगते. तेव्हा मुलांना सांगावे की या वाक्यातील बाई धावत नाही, दुकान ‘धावते’ आहे आणि बाई त्याला ‘धावते’ ठेवते आहे.

आता दुकान धावते म्हणजे काय? ज्या हालचालीला एक ठरलेला मार्ग आहे आणि जी मध्ये न थांबता पुढे जात राहते, अशी कोणतीही हालचाल इंग्रजीने हळूहळू ‘रन’च्या कक्षेत आणली. यंत्रयुगात गिरणीची चाके, आगगाड्या आणि कारखाने आले, पुढे संगणक आला, आणि या शब्दाचे क्षेत्र कल्पनेपलीकडे विस्तारले. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती आणि तिच्यात सुमारे 430 अर्थ होते. नव्या आवृत्तीच्या कामात 2011मध्ये ‘रन’ने तो मान घेतला : एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ. ही एक नोंद लिहिण्यासाठी कोशकार पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. एका तीन अक्षरी शब्दाला नऊ महिने देणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मराठीत या कामाची वाटणी झालेली आहे, आणि तिच्यात सर्वांत मोठा वाटा धावण्याचा नसून चालण्याचा आहे, हे माझ्या उत्तराचे सार समजावे. घड्याळ चालते, पंखा चालतो, खटला चालतो, नाटक वर्षभर चालते, संस्था चालते, रूढी चालत येते. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ बसू शकते आणि एकाही ठिकाणी ‘धावणे’ बसत नाही. काही वर्षांपूर्वी घरी पाण्याचा पंप आणला, तेव्हा त्यासोबतच्या पत्रकात मराठीत छापले होते : ‘पंप सुका धावू देऊ नये.’ वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण पंप बसवायला आलेल्या माणसाला ते वाचून दाखवले तेव्हा तो क्षणभर गोंधळला आणि मग म्हणाला, “म्हणजे कोरडा चालवायचा नाही.” कोशाने दिलेला पहिला अर्थ आणि रोजच्या भाषेत ठरलेला शब्द यांतील अंतर त्या एका वाक्यात दिसले. ‘सुका’च्या जागी ‘कोरडा’ आला, तोही त्याच जाणिवेतून.

आगगाडी मात्र मराठीत धावते. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली, असेच आपण लिहितो, आणि वर्तमानपत्रांतही ‘गाड्या उशिराने धावत आहेत’ असे छापून येते. पण फलाटावर उभी असलेली व्यक्ती ‘आज गाड्या लेट चालल्यात’ असे म्हणते. लेखी मराठीने येथे धावणे स्वीकारले आणि बोलीने चालणे सोडले नाही; दोन्ही बरोबर आहेत.

वाहण्याचा जुना अर्थ ज्या वाक्यांत जिवंत आहे, तेथे मराठीला पुन्हा निराळे शब्द लागतात. नळ वाहतो, नाक वाहते किंवा गळते, मेणबत्तीचे मेण ओघळते. कपड्याच्या रंगाबाबत तर आपण इंग्रजीपेक्षा बारकाईने बोलतो. इंग्रजीत रंग ‘रन’ होतो, इतकेच. आपल्याकडे नव्या लुगड्याचा रंग धुताना ‘जातो’, आणि तोच रंग शेजारच्या पांढऱ्या सदऱ्याला ‘लागतो’. म्हणजे एकाच घटनेचे वर्णन लुगड्याच्या बाजूने एक आणि सदऱ्याच्या बाजूने दुसरे. रस्ता नदीकाठाने जातो, खर्च लाखात जातो. येथे जाणे कामाला येते. धोका पत्करला जातो, ताप येतो, साखर संपते, एखादा गुण घराण्यातच असतो. निवडणुकीला अमेरिकेतील उमेदवार ‘रन’ करतो आणि ब्रिटनमधला ‘स्टँड’ होतो. आपला उमेदवार उभा राहतो किंवा निवडणूक लढवतो.

क्रिकेटने ‘रन’चे भाषांतर मराठीला जवळजवळ घरचे करून दिले. धाव, धावसंख्या, धावगती, धावफलक, धावबाद हे शब्द इतके रुळले आहेत की त्यांच्यामागे इंग्रजी शब्द आहे याची आठवणही होत नाही. चेंडू सीमेपार गेल्यावर फलंदाज जागचा हलला नाही तरी त्याला चार धावा मिळतात. धावण्याच्या क्रियेपासून सुटून ‘धाव’ हे गुणाचे माप झाले, आणि हे इंग्रजीत जसे घडले तसेच मराठीतही.

पण ‘धाव’ या नामाला क्रिकेटच्या कितीतरी आधीपासून मराठीत स्वतःचा संसार होता, आणि ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. मोटेच्या विहिरीजवळ बैलांसाठी केलेली उतरती वाट म्हणजे धाव. बैल धावेवरून उतरत गेले की नाडा ताणला जाऊन भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते, मग बैल मागे सरत पुन्हा वर येतात. बैलगाडीच्या चाकावर बसवतात ती लोखंडी पट्टीही धावच. ती तापवून चाकावर चढवतात आणि पाणी ओतून थंड करतात, म्हणजे आकसून लाकडाला घट्ट धरते. ज्या वाटेवरून धावायचे ती धाव आणि ज्यावर गाडी धावते तीही धाव. इंग्रजीत बर्फावरून घसरण्याच्या उताराला ‘रन’ म्हणतात, कोंबड्यांना मोकळे फिरण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेलाही ‘रन’ म्हणतात. क्रियेच्या नावाने तिची जागा ओळखण्याची ही रीत दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे आलेली आहे. गोधडी शिवताना आजी जो टाका घालते तो धावदोरा. सुई खाली-वर करत पुढेच जाते, मागे वळत नाही. इंग्रजी टाक्याच्या नावातही हेच ‘रन’ आहे, आणि येथे मराठीला चालणे किंवा वाहणे चालत नाही, धावणेच हवे.

तेव्हा एकच शब्द नाही, कारण आपण हालचाल पाहून शब्द निवडतो. वाक्य हाती आले की आधी त्यात ‘धावते’ ते काय आहे हे पाहावे : पाय असलेला जीव असेल तर धावणे किंवा पळणे, यंत्र वा व्यवहार असेल तर चालणे, द्रव असेल तर वाहणे, रस्ता, रेषा किंवा आकडा असेल तर जाणे. नंतर, ते आपोआप घडते की कोणी घडवते हे पाहून प्रयोजक रूप घ्यावे. दहापैकी सात-आठ वाक्ये एवढ्याने सुटतात. उरलेली वाक्प्रचारांची असतात आणि ती एकेक शिकावी लागतात.

संगणकाच्या कामात ‘रन’ हा शब्दच मराठीत आला आहे आणि त्याला माझी हरकत नाही. त्या क्षेत्रातील तरुण मंडळी ‘प्रोग्रॅम रन होत नाहीये’ आणि ‘मी परत रन केला’ असे म्हणतात, तेव्हा इंग्रजीने मध्ययुगात गमावलेला भेद ती ‘होणे’ आणि ‘करणे’ लावून त्याच इंग्रजी शब्दात परत आणतात. दुकानाबद्दल मात्र ‘ती दुकान रन करते’ असे लिहू देऊ नये, कारण तेथे ‘चालवते’ हा शब्द जागेवर आहे आणि त्या मुलाला तो आधीपासून येतो.